मागची मंडळी

१

त्या दिवशी वरच्या मजल्यावरचा नळ फुटला नसता, तर आम्ही कुठेच गेलो नसतो.

मी कानाची यंत्रं बसवते. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बाहेरून बारीक-मोठे आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. रोजचं काम हे. सकाळी दार उघडलं तर त्या खोलीच्या छतातून धार लागली होती आणि भिंतींना लावलेला स्पंज पाणी पिऊन टम्म फुगला होता. प्लंबर आला, वर बघत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आज काही तुमचं चालायचं नाही, मॅडम." मी पेशंटना फोन करून नका येऊ म्हणून सांगितलं, दाराची पाटी उलटी केली आणि घरी परतले.

बाबा खिडकीशी बसले होते. बाबांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. आमच्या शहरातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेत. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाशी जोडलेला जादा ब्रेक सांभाळायचा आणि "आरसा बघ, आरसा" म्हणून ओरडायचं. मग काचबिंदूने त्यांच्या नजरेच्या दोन्ही बाजू खाल्ल्या. आता त्यांना समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. लायसन्स त्यांनी आपणहून परत केलं. कान तर आधीच गेले होते. दोन्ही कानांत मीच बसवलेली यंत्रं आहेत. "डोळे गेले, कान गेले," ते म्हणतात, "मधलं नाक तेवढं कंपनीचं आहे."

"इतक्यात आलीस? काढून टाकलं की काय?"

"छत गळतंय. आज सुट्टी."

त्यांनी बाहेर बघितलं. आभाळ भरलेलं होतं, पण पडेल असं नव्हतं. "मग गाडी काढ," ते म्हणाले.

"कुठे जायचं?"

"तेच ठरवायचं नाही. मोठा रस्ता सोडायचा आणि जो बरा दिसेल तो घ्यायचा."

"आणि चुकलो म्हणजे?"

"अगं ठमे, कुठे जायचंच नसलं तर चुकशील कशी?"

आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. मी चपला काढल्याच नाहीत. तशीच वळले.

२

शहर संपलं तसा मी हमरस्ता सोडला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं होती, मातकट, लांबच लांब. मधेच एखादं टपालाचं ऑफिस, एखादी पिठाची गिरणी, कुंपणाला टेकून ठेवलेली सायकल. बाबा खुशीत होते. वळण आलं की त्यांचा उजवा पाय जागच्या जागी दाबला जायचा, तिथे नसलेल्या ब्रेकवर.

"पाय दुखेल तुमचा," मी म्हटलं.

"तू नीट चालवलीस तर नाही दुखणार. तशी बरी चालवतेस. शिकवलं कुणी?"

पहिल्याच छोट्या गावात आम्ही चहाला थांबलो. रस्त्यालगत एक खोली, आत दोन बाकं, शेगडीवर भलीमोठी किटली. दुकान चालवणारी बाई माझ्याच वयाची असेल. तिने आमच्यापुढे दोन कप ठेवले. मग फळीवरून आणखी कप काढले, फडक्याने पुसले आणि एकाशेजारी एक उपडे मांडून ठेवले.

"बाकीच्यांचा आत्ता ओतू, की आल्यावर?" तिने विचारलं.

"बाकीचे कोण?"

"मागून येताहेत ते."

"मागून कोणी नाही. आम्ही दोघंच आहोत."

"बरं," ती म्हणाली. मुलाने खोटं सांगितल्यावर आई ज्या सुरात 'बरं' म्हणते, त्या सुरात. कप तिने तसेच ठेवले. आम्ही चहा पिऊन निघालो तेव्हा ती दारात येऊन उभी होती, पण आमच्याकडे बघत नव्हती. आम्ही ज्या बाजूने आलो होतो त्या बाजूला, डोळ्यांवर हात धरून बघत होती. ऊन तर अजिबात नव्हतं.

"कुठल्या तरी समारंभाला चाललेली माणसं समजली आपल्याला," बाबा म्हणाले. "माझा शर्ट बघून वाटलं असेल."

मी हसले. शर्टाला कोपरावर ठिगळ होतं.

३

पुढे रेल्वेचं फाटक लागलं. घंटा वाजत होती, तरी दांडी वरच होती. फाटकवाला चाकाच्या मुठीवर हात ठेवून उभा होता. त्याने आम्हाला हाताने चला, चला केलं. मी रूळ ओलांडले.

दांडी लगेच पडेल म्हणून मी आरशात बघितलं. पडली नाही. फाटकवाला मागच्या रस्त्याकडे बघत होता. तो रस्ता सरळ होता, दूरवर झाडांच्या रांगेपर्यंत स्वच्छ दिसत होता आणि त्यावर चिटपाखरूही नव्हतं. फाटकवाल्याने तरी पुन्हा हात हलवला. लवकर, लवकर. आगगाडीचा आवाज जवळ येत होता, रूळ थरथरायला लागले असतील. तो थांबला. मग त्याने मान हळूच वळवली, समोरून काहीतरी जाताना वळवतो तशी, आणि घाईघाईने चाक फिरवून दांडी खाली घेतली. लगोलग आगगाडी धडधडत गेली.

मी गाडी कडेला घेतली होती ते मला तेव्हा कळलं.

"फाटक उशिरा टाकलं त्याने," बाबा म्हणाले. "मागून कोणाला तरी घेतलं वाटतं आत."

"कोणी नाही आलं, बाबा."

"नाही कसं? ही काय, गाडी आपल्या मागे उभी आहे."

मी वळून बघितलं. रस्ता होता. कडेचं गवत होतं, आगगाडीच्या वाऱ्याने अजून हलत होतं.

"इंजिन चालू ठेवून उभी आहे," ते म्हणाले. "जाऊ दे तिला पुढे. हात दाखव."

४

माझ्या कामात अशी माणसं रोज येतात. कोणाला कानात घंटा वाजते, कोणाला रेडिओ ऐकू येतो. आवाज कमी यायला लागला की मेंदू रिकामी जागा आपल्याच आवाजांनी भरतो. शिवाय यंत्राला वारा नको तितका ऐकू येतो. हे सगळं मी बाबांना सांगितलं. लोकांना समजावताना वापरते त्याच शब्दांत सांगितलं. माझाच आवाज मला आधार देत होता.

त्यांनी ऐकून घेतलं. मग दोन्ही यंत्रं काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि मान तिरकी करून बसले.

यंत्रांशिवाय बाबांना शेजारी ताट पडलं तरी कळत नाही. मी त्यांना हाक मारली. त्यांनी वळून बघितलं नाही. जोरात मारली. तरी नाही.

"आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने. "जुनी गाडी आहे. चालवणाऱ्याला क्लचवर पाय ठेवायची खोड आहे, प्लेट जळाली आहे पार. आणि भार बराच आहे आत. भरपूर माणसं बसली की गाडी अशी खाली बसून गुरगुरते."

मी यंत्रं परत त्यांच्या कानांत बसवली.

"परत जाऊ या," मी म्हटलं.

"परत म्हणजे त्यांच्याच अंगावरून. रस्ता अरुंद आहे. पुढे चल, गाव लागलं की दुसरा रस्ता विचारू."

मी निघाले. काही अंतर गेल्यावर बाबा नेहमीच्या सवयीने म्हणाले, "वाईट चालवतो बिचारा. दमलेला आहे. चढावर गिअर बदलायलासुद्धा उशीर करतो." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. शिकाऊ मुलाबद्दल बोलावं तसे बोलत होते. मी मात्र दर मिनिटाला आरसा बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा न सांगता.

५

पुढचं गाव जरा मोठं होतं. चौक, चौकात औषधांचं दुकान, शिवणयंत्र दुरुस्त करणारा, कोपऱ्यावर खाणावळ. भूक नव्हती, पण माणसांत बसावंसं वाटत होतं. खाणावळवाला जाडजूड, खांद्यावर पंचा टाकलेला, पुढे येऊन म्हणाला, "या, या. तुमची जागा ठेवलेली आहे."

खिडकीजवळ तीन टेबलं जोडून एक लांब टेबल केलं होतं. भोवती खुर्च्या लावल्या होत्या, काही तर शेजारच्या घरांतून आणलेल्या दिसत होत्या, प्रत्येक वेगळी.

"आम्हाला एवढं मोठं टेबल नको," मी म्हटलं.

"असू दे हो. बसा."

आम्ही उकडलेली अंडी आणि पाव मागितला. त्याला काय वेळ लागतो? पण खाणावळवाला आत गेला तो येईनाच. आतून भांड्यांचा आवाजही येत नव्हता. दरम्यान औषधांचा दुकानदार येऊन दारात उभा राहिला. मग विणकाम करणारी एक म्हातारी आली आणि उंबऱ्यावरच बसली, सुया चालू ठेवून. सगळे आमच्याकडे बघून हसत होते. पाहुण्यांकडे बघून हसतात तसं, मोकळेपणाने. खिडकीतून मला माझी गाडी दिसत होती. एक माणूस हातगाडी ढकलत आला, ती त्याने बरोबर माझ्या गाडीच्या पुढे आणून लावली आणि चाकाला दगड लावला.

मी उठून आतल्या दाराशी गेले. खाणावळवाला स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता. हात मांडीवर ठेवून, नुसता.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

तो दचकला, ओशाळला. "रागवू नका. त्यांनी निरोप पाठवला होता ना. म्हणाले, एक गाडी पुढे गेलीय, दोन माणसं आहेत. जरा थांबवून ठेवा, आम्ही पोचतोच."

"कोण त्यांनी?"

"तुमच्याच लोकांनी." त्याला माझा प्रश्न समजला नव्हता. "म्हणाले, शेजारी बसलेलं माणूस गेलं तरी चालेल. चालवणाऱ्याला तेवढं जाऊ देऊ नका."

मी मागे वळले तर बाबा माझ्या पाठीशी उभे होते. यंत्रं कानात होती. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी मजा निघून गेली.

"मला बाहेर जायचंय," ते एकदम मोठ्याने, म्हाताऱ्या, रडक्या आवाजात म्हणाले. "ताबडतोब. या वयात धरवत नाही हो! पोरी, धर मला!"

मी धरलं. दारातली म्हातारी घाईने उठली, औषधवाला बाजूला झाला, कोणीतरी "तिकडे, तिकडे" म्हणून बोट दाखवलं. आम्ही तिकडे न जाता सरळ गाडीकडे गेलो. हातगाडीवाला आडवा आला. बाबा ताठ झाले आणि ओरडले, "ए! ही काय लावायची जागा आहे? घे बाजूला! बघतोस काय, घे!" चाळीस वर्षं ज्या आवाजाने शिकाऊ लोकांचे हातपाय लटपटले तो आवाज. त्या माणसाने दगड काढला आणि हातगाडी बाजूला घेतली. घेतल्यावर त्याला कळलं की आपण घेतली. तोवर मी गाडी सुरू केली होती.

कोणी पाठलाग केला नाही. आरशात ते सगळे चौकात उभे दिसले. हात हलवत होते. आम्हाला नाही, आम्ही आलो त्या रस्त्याकडे बघून, या बाजूने गेले, या बाजूने.

६

त्या गावातून बाहेर जाणारा दुसरा रस्ता एकच होता. तो उताराचा होता, दोन्ही बाजूंनी बाभळी. बाबा खिडकीबाहेर नाही, शेजारी बसून माझ्याकडे बघत होते. नळीतून माझा चेहरा तेवढाच दिसत असेल त्यांना.

मग बाभळी संपल्या आणि समोर पाणी आलं.

कुठल्या तरी धरणाचं फुगलेलं पाणी असेल. राखाडी, अजिबात न हलणारं. रस्ता संपला नव्हता. तो तसाच पाण्यात उतरत गेला होता. मधला पांढरा पट्टा पाण्याखाली बराच दूरपर्यंत दिसत होता.

"वळव," बाबा म्हणाले. "जागा कमी आहे. मी उतरून मागे उभा राहतो, हात करीन तशी घे."

"तुम्हाला दिसत नाही, बाबा. बसा."

"समोरचं दिसतं. मी तुझ्याकडे बघत उभा राहीन. समोर तूच असशील." दार उघडून ते उतरलेसुद्धा.

मी काच खाली केली आणि रिव्हर्स टाकला. ते मागे जाऊन उभे राहिले, हात वर करून, ये, ये. मी थोडी मागे घेतली, पुढे घेतली, चाकं वळवली. पुन्हा मागे.

तेव्हा मला ऐकू आलं.

माझे कान चांगले आहेत. दर वर्षी तपासते, त्या खोलीत बसून. मला एक इंजिन बंद पडल्याचा आवाज आला, घरघरून, आचके देत. मग शांतता. मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज. मग दुसरं दार. तिसरं. लांबच्या प्रवासातून आलेली माणसं आळोखेपिळोखे देतात, तसे हुंकार. रेतीवर पावलं.

आरशात बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. थोडे वाकलेले. एक हात त्यांनी उंचावर सपाट ठेवला होता, एखाद्या गाडीच्या टपावर ठेवावा तसा, आणि हाताखाली काही नव्हतं. ते मान हलवत होते. काहीतरी ऐकून घेत होते. मग काहीतरी बोलले, थोडंसंच. मग समोरून एक हात आला आणि त्यांच्या खांद्यावर पडला. तपकिरी बाही, मनगटाशी बटण लावलेलं. त्या हाताने त्यांना थोपटलं, कौतुकाने. हात कोपरापर्यंत दिसला. त्यापुढचं बाबांच्या डोक्याआड होतं.

मी गाडी तशीच सोडून धावले. बाबा वळले. त्यांच्यापलीकडे रस्ता होता, बाभळी होत्या. हवेत क्लच जळाल्याचा वास होता, आणि तो माझ्या गाडीचाही असू शकेल, मी इतक्यांदा मागेपुढे केली होती. हे मी स्वतःला आजही सांगते.

"कोण होतं?"

"गेले," बाबा म्हणाले. त्यांचा रंग उडाला होता, पण आवाज स्थिर होता. "तिकडे बस, ठमे. शेजारी. मी चालवतो."

७

मी नाही म्हटलं. खूप बोलले मी. लायसन्स नाही, दिसत नाही, स्वतः मराल आणि मलाही माराल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला, किल्लीसाठी. लहानपणी मी आगपेटी लपवली की तसा करायचे.

"त्यांनी मला विचारलं, गाडी कोण चालवतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, मी."

"का पण?"

"विचारणाऱ्याचा सूर मला बरा वाटला नाही." मग म्हणाले, "ते इथेच कुठेतरी आहेत. बघताहेत. तू त्या सीटवर बसलेली दिसता कामा नये."

मग ते चालवायला बसले. सीट मागे सरकवली, आरसा लावून घेतला, जरी त्यात त्यांना काही दिसणार नव्हतं. मी शेजारी बसून त्यांचे डोळे झाले. डावीकडे थोडी. आता सरळ. खड्डा आहे, हळू. उजव्या बाजूला माणूस आहे, सायकलवर. जन्मभर त्यांनी जे केलं ते मी करत होते, आणि माझा पाय जागच्या जागी दाबला जात होता. इतकी वर्षं न चालवूनही त्यांची गाडी पाण्यासारखी जात होती. गिअर बदलल्याचं कळत नव्हतं.

खाणावळीच्या चौकात दिवे लागले होते. खुर्च्या उचलून लोक आपापल्या घरी नेत होते. आमच्याकडे कोणी बघितलं नाही.

फाटक ओलांडल्यावर मी विचारलं, "आणखी काय म्हणाले ते?"

"फारसं काही नाही. माणसं वाईट नव्हती. थकलेली होती. सगळ्यांना कुठे ना कुठे जायचंय आणि त्यांच्या चालवणाऱ्याला झेपत नाहीये."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आज मुलीला घरी सोडायचंय. ती एकटी कशी जाईल?"

"आणि?"

बाबांनी समोर बघत गाडी चालवली. पुढचं वळण घेऊन झाल्यावर म्हणाले, "हो म्हणाले. समजूतदार आहेत तसे."

घरापुढच्या उतारावर त्यांनी गाडी लावली, चाकं कडेच्या दगडाला टेकवून, शिकवतात तशी. आत येऊन किल्ली खिळ्याला अडकवली. ती खिळ्याला बघून मला हायसं वाटलं. आम्ही दूध-पाव खाल्ला. त्यांनी यंत्रं काढून डबीत ठेवली. मी त्यांच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले, जागी राहायचं ठरवून. बाबा अंधारात म्हणाले, "दुपारी त्या हातगाडीवाल्याची गंमत झाली की नाही?" आणि हसले. मीही हसले. हसता हसता मला झोप लागली असावी.

८

सकाळी खिळा रिकामा होता.

माझे कान चांगले आहेत म्हटलं ना. तरी मला काही ऐकू आलं नाही. इंजिन सुरू न करता त्यांनी गाडी उतारावरून सोडली असणार. दाराशी माझ्या अंगावर त्यांची चादर होती. यंत्रांची डबी मेजावर होती, यंत्रं आत.

चौकीवरच्या हवालदाराने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, येतील परत, म्हातारी माणसं अशी करतात. मी शेजारच्या इलेक्ट्रिशियनला उठवलं. त्याला बाबांनीच गाडी शिकवली होती. त्याने एक प्रश्न न विचारता गाडी काढली. रस्ता मी सांगत गेले. आदल्या दिवशी जिथे जायचं ठरवलंच नव्हतं, तिथला एकेक फाटा मला पाठ झाला होता.

चहावाली बाई कप विसळत होती. ढीगभर कप.

"गेले की," ती म्हणाली. "उजाडता उजाडता आले होते. गाडी गच्च भरलेली. सगळ्यांनी चहा घेतला."

"चालवत कोण होतं?"

"कालचे आजोबाच. काय झोकात चालवतात हो! मागे एक जण बसला होता, तपकिरी कोटातला, मान टाकून घोरत होता नुसता. मी उठवायला गेले तर आजोबा म्हणाले, झोपू दे त्याला, फार दिवसांनी झोपलाय." ती कप पुसत माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला नाही नेलं?"

गाडी पाण्याशी मिळाली. जिथे रस्ता आत उतरतो तिथेच, चाकं पाण्याला लागलेली, हँडब्रेक नीट ओढलेला, चारही दारं सताड उघडी. आसपास कोणी नव्हतं. पाणी हलत नव्हतं. इलेक्ट्रिशियन काठाकाठाने हाका मारत निघाला. सर, सर. बाबांना तो अजून सरच म्हणायचा. यंत्रं माझ्या पर्समध्ये होती, तेव्हा हाका मारून उपयोग नव्हता, पण मी त्याला थांबवलं नाही.

मी गाडीत डोकावले. मागच्या सीटवर खळगे होते, दाटीवाटीने बसलेल्या माणसांचे, एकाला एक लागून. मी बघत होते तोवर ते हळूहळू वर येत होते. फोम वर येतो तसे. एकेक करून सीट सपाट झाली.

पुढच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या, मी हात ठेवला. ती अजून ऊबदार होती. मी रस्त्यातच गुडघ्यांवर बसले, गुडघे पाण्यात, आणि हात तिथेच ठेवला. इलेक्ट्रिशियनच्या हाका लांब गेल्या, परत जवळ आल्या. सीट पूर्ण गार होईपर्यंत मी हात काढला नाही.